टीव्हीचा आवाज, मागावरचे कान आणि वायरलेस हेडफोन

ज्यांच्या घरात टीव्हीचा आवाज पन्नासच्या खाली येत नाही आणि "आवाज कमी करा की" एवढंच काय ते दिवसभराचं बोलणं उरलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. टीव्हीसाठीच बनवलेला, चार्जिंगच्या स्टँडसकट येणारा वायरलेस हेडफोन आम्ही गेल्या दिवाळीच्या आधी घेतला. ब्लूटूथवाला नव्हे; २.४ गिगाहर्ट्झच्याच लहरींवर, पण स्वतःच्या स्टँडवरून थेट आवाज घेणारा. साडेचार हजारांच्या आसपास पडला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हाच स्टँड आणि हाच हेडफोन बाजारात वेगवेगळ्या नावांनी मिळतो, आणि नावापेक्षा प्रकार कोणता घ्यायचा हे कळणं जास्त गरजेचं आहे. माझ्याकडून पाचपैकी चार तारे. ते का, हे सांगायचं तर आधी आमच्या आण्णांच्या कानांबद्दल सांगायला हवं.

आण्णा म्हणजे माझे सासरे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे गल्लोगल्ली माग झाले. आण्णांचा सगळा जन्म त्या मागांवर गेला. आधी कामगार, मग जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याच शेडमध्ये कांड्या भरायला, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळायला जायच्या. साध्या मागांच्या शेडमध्ये आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो. धोटा इकडून तिकडे आपटत राहतो, जमीन हादरते, शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागतं. अशा आवाजात वर्षानुवर्षं राहिलं की कान एकदम बंद होत नाहीत. आधी बारीक, उंच पट्टीतले आवाज जातात, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासचे. आण्णांच्या कानाच्या तपासणीच्या कागदावर ऐकू येण्याची रेघ डावीकडून बरी चालत येते आणि तिथं आल्यावर धाडकन खाली जाते.

घरच्यांना हे समजायला वेळ लागतो. दारावरची थाप ऐकू येते, रस्त्यावरचा ट्रॅक्टर ऐकू येतो, मग बोललेलं का कळत नाही? "मुद्दाम करतात," असं मीही कितीदा ऐकलंय, आणि ते ऐकून माझा जीव तुटतो. कारण आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीतले, ते त्यांना येतात. स, श, ख, थ, फ ही व्यंजनं वरच्या पट्टीत, ती गळून पडतात. "साखर संपलीय" म्हटलं की त्यांना कुणीतरी काहीतरी बोललं एवढं कळतं, काय ते कळत नाही. टीव्हीचा आवाज वाढवला की पार्श्वसंगीत वाढतं, मालिकेतल्या सुनेच्या रडण्याचा आवाज वाढतो, शब्द होते तिथंच राहतात. त्यातून हल्लीच्या पातळ टीव्हीचे स्पीकर खालच्या नाहीतर मागच्या बाजूला. भिंतीला ठोकलेल्या आमच्या ४३ इंची टीव्हीचा आवाज आधी भिंतीवर आपटतो, मग आमच्याकडे येतो.

या मोठ्या आवाजानं आमच्या घराचं काय केलं ते जरा सविस्तर सांगते, कारण टीव्हीमुळं माणसं बोलेनाशी होतात असं सगळेच म्हणतात, पण ती नेमकी कशी बोलेनाशी होतात ते फारसं कुणी सांगत नाही. आमच्याकडं सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, टीव्ही. संध्याकाळी तो लागला की माझी दहावीतली लेक पुस्तकं उचलून माडीवर. माझे मिस्टर दुकानातून आले की हातपाय धुऊन थेट आतल्या खोलीत. आई थोडा वेळ आण्णांच्या शेजारी बसायच्या, मग डोकं दुखतंय म्हणून स्वयंपाकघरात येऊन पाटावर टेकायच्या. नणंदेचा पुण्याहून फोन यायचा, तो परसात जाऊन घ्यायचा. आण्णांना नंतर काय सांगायचं? ओरडून सांगितलं तरच कळणार. आणि पोरीच्या सासरची नाजूक गोष्ट ओरडून कशी सांगायची? भिंतीला भिंत लागून घरं आहेत आमची, गल्लीला ऐकू जाईल. मग त्यांना फक्त "ताईचा फोन होता, बरी आहे" एवढंच कळायचं. कर्ज, आजारपण, भांडण, लेकीचं रुसणं, या सगळ्या गोष्टी खालच्या आवाजात बोलायच्या असतात. त्यामुळं घरातल्या कर्त्या माणसाला घरातलंच काही माहीत नाही अशी वेळ आली. ते रागवायचे, "मला कोण काय सांगतंय!" म्हणायचे. त्यांचं बरोबरच होतं.

मी टीव्हीच्या विरोधातली नाही. आण्णा-आई सांगतात, १९८७ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं तेव्हा त्यांच्या गल्लीत एकाच घरी टीव्ही होता. सगळी गल्ली त्या सोप्यात जमायची, बाया पोरांना मांडीवर घेऊन बसायच्या, आणि कार्यक्रम संपला तरी तासभर कुणी उठायचं नाही. त्या वेळी आण्णांना नीट ऐकू येत होतं की नाही कुणास ठाऊक. गोष्ट सगळ्यांना पाठ, ऐकायची गरजच काय? एकत्र बघितलेल्या गोष्टीवर माणसं बोलतात. आमच्या घरात ते एकत्र बघणंच आवाजापायी मोडलं होतं.

आता हेडफोनकडं येते. पहिला हेडफोन दिरांनी पाठवला, ब्लूटूथचा. चांगला, महागातला. आण्णांनी दोन संध्याकाळी घातला आणि बाजूला ठेवला. विचारलं तर म्हणाले, "तोंड आधी हलतंय, बोलणं मागनं येतंय." आम्हाला आधी कळेना. लेकीनं डोक्याला लावून बघितला, तिला काही विशेष जाणवलं नाही.

इथं शेडची गोष्ट परत येते. मागावर काम केलेली माणसं ओठ वाचतात. कुणी शिकवलेलं नसतं, पण त्या आवाजात दुसरा इलाजच नसतो. आण्णा समोरच्याच्या तोंडाकडं बघून निम्मं बोलणं उचलतात. म्हणून तर मी पाठमोरी बोलले की त्यांना शून्य कळतं आणि समोर येऊन सावकाश बोलले की बरंच कळतं. टीव्हीतही ते ओठच बघतात. हिंदीतून मराठीत डब केलेली मालिका लागली की ते का वैतागून चॅनेल बदलायचे याचा उलगडा मला तेव्हा झाला. ओठ हिंदी बोलताहेत आणि आवाज मराठी, त्यांच्या काय उपयोगाचं? साध्या ब्लूटूथमध्ये आवाज टीव्हीतून निघून कानात पोचायला सेकंदाचा पाचवा-सहावा हिस्सा उशीर होतो. गाणी ऐकणाऱ्याला फरक पडत नाही. ओठांवर भिस्त असणाऱ्याला मात्र तेवढ्यानं सगळं विस्कटतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज मागे-पुढे करायची सोय दिसते, पण बहुतेक टीव्हींत आवाज आणखी मागे ढकलता येतो, चित्राच्या पुढे आणता येत नाही.

ब्लूटूथची दुसरी अडचण मला जास्त लागली. हेडफोन जोडला की आमच्या टीव्हीचा स्पीकर गप्प. आण्णा ऐकणार आणि शेजारी बसलेल्या आई मुकी चित्रं बघणार. हेडफोनची वायर टीव्हीच्या गोल भोकात घातली तरी बहुतेक टीव्हींत हेच होतं. म्हणजे एकाला ऐकू यावं म्हणून बाकीच्यांना उठवून लावायचं. दुकानदार हे सांगत नाहीत. आम्ही ज्या दुकानात गेलो तिथल्या पोराला "दोघांनाही ऐकू यायला पाहिजे, एकाला हेडफोनमधून, दुसऱ्याला टीव्हीतून" असं सांगितलं तर तो म्हणाला, "असं होत नसतंय काकी, एकतर हे नाहीतर ते."

होतं. टीव्हीच्या मागे 'ऑप्टिकल' लिहिलेलं एक छोटं चौकोनी भोक असतं, त्यावर झाकण असतं. त्यातून काचेच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या बारीक तारेतून प्रकाशाच्या रूपात आवाज बाहेर येतो, आणि आमच्या टीव्हीत तरी तो चालू असताना स्पीकरही चालू राहतो. आमच्या हेडफोनचा स्टँड या तारेनं टीव्हीला जोडतात आणि स्टँड हेडफोनला बिनतारी आवाज पाठवतो. उशीर इतका कमी की आण्णांनी पहिल्याच संध्याकाळी मान डोलावली. टीव्हीचा आवाज आता बारावर असतो, आणि आण्णा त्यांच्या कानातला आवाज हेडफोनवरच्या चकतीनं ठरवतात. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

जोडणी करताना दोन गोष्टी सांभाळा. तारेच्या दोन्ही टोकांना प्लॅस्टिकची इवलीशी टोपणं असतात, ती काढल्याशिवाय आवाज येत नाही, आणि ती पारदर्शक असल्यामुळं दिसतही नाहीत. दुसरं, टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' वर ठेवावं लागतं. तिथं 'डॉल्बी' किंवा 'ऑटो' असेल तर काही चॅनेलला आवाज येतो आणि काहींना येत नाही, आणि माणूस हेडफोन खराब आहे म्हणून परत पाठवतो. स्टँड वायफायच्या राउटरला चिकटून ठेवू नका, दोघं एकाच लहरींवर चालतात, मध्येच खरखर येते. आमचा राउटर टीव्हीखालच्याच कपाटावर होता, तो मिस्टरांनी दारामागं हलवला.

हेडफोनमधल्या दोन गोष्टींनी आण्णांचं मन जिंकलं. आवाजाला फिरवायची चकती आहे, बटणं नाहीत. जॉबरची बोटं, त्यांना नटबोल्टची सवय. छोटी बटणं त्यांना सापडत नाहीत. आणि डाव्या-उजव्या कानाचा आवाज वेगळा करता येतो. त्यांचा उजवा कान जास्त गेलाय, तिकडं थोडा वाढवून ठेवला की दोन्हीकडून सारखं येतं. तुमच्या घरात असं काही असेल तर ही सोय बघितल्याशिवाय घेऊ नका. रात्री स्टँडवर टांगला की आपोआप चार्ज होतो, वायर शोधायची कटकट नाही.

पण घरात जे बदललं ते हेडफोनच्या डब्यावर लिहिलेलं नव्हतं. पहिले काही दिवस मला भीती वाटली. आण्णांच्या दोन्ही कानांवर हेडफोनच्या गाद्या, डोळे पडद्यावर. आधी निदान ओरडल्यावर ऐकू यायचं, आता तेही नाही. समोरून गेलं तरी लक्ष नाही. दारात पाहुणा उभा राहिला तरी त्यांना पत्ता नाही. मला वाटलं, घर शांत झालं आणि माणूस गेला.

मार्ग काढला आईंनी, आणि त्यांनी तो काढला म्हणजे काय, त्यांच्या हातात तो होताच. एका संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते, सोप्यात बघितलं तर आईंनी आण्णांच्या गुडघ्यावर बोट मारलं आणि दोन्ही हातांची चिमूट जुळवून झटकन लांब केली. आण्णांनी लगेच एका कानावरची गादी मागं सारली. ती शेडमधली खूण होती, धागा तुटला. त्यांच्यात तिचा अर्थ "थांबा जरा, बोलायचंय" असा होता. अंगठा तोंडाला लावला की चहा. पंजा खाली दाबला की बंद कर. पन्नासेक वर्षांपूर्वी ज्या खुणांनी ही दोघं शेडमध्ये एकमेकांशी बोलायची, त्याच खुणा आता मालिकेच्या वेळी चालतात. माझ्या लेकीला त्यातल्या बऱ्याच येतात आता. ती माडीवरून खाली येते, आजोबांच्या समोर उभी राहून अंगठा दाखवते, ते मान हलवतात, मग मला चहा टाकायचा हुकूम येतो.

आणि आण्णांना शब्द कळायला लागल्यावर ते बोलायला लागले. हे मला सगळ्यात मोठं वाटतं. आधी ते नुसतं बघायचे. आता जाहिरात लागली की गादी मागं सरते आणि मत सुरू. एका मालिकेत बापानं आपलं दुखणं पोरांपासून लपवलं होतं. आण्णा म्हणाले, "ह्यो चुकतोय बघ." आई पटकन म्हणाल्या, "तुम्ही काय येगळं केलासा?" मग हर्नियाचं दुखणं त्यांनी किती महिने अंगावर काढलं, कुणाला सांगितलं नाही, का सांगितलं नाही, हे सगळं त्या जाहिरातीत निघालं. जाहिरात संपली, मालिका सुरू झाली, दोघं बोलतच होते. मी आणि मिस्टर आतून ऐकत होतो. समोरासमोर बसवून "तुम्ही आम्हाला का सांगितलं नाही" असं आम्ही विचारलं असतं तर ते उठून बाहेर गेले असते. मालिकेतल्या परक्या माणसाच्या आडून आपलं बोलता येतं. आमच्याकडच्या जुन्या पिढीला हेच बोलणं जमतं, आणि त्यासाठी दोघांनी एकच गोष्ट एकाच वेळी ऐकलेली असावी लागते.

माझं माहेर सांगली जिल्ह्यातल्या कडेगावकडचं. तिथल्या मोहित्यांचे वडगाव या गावाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथं संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही, मोबाइल बंद होतात. पोरं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, बोलतात. साडेआठला परत भोंगा. करोनात शाळा मोबाइलवर गेली आणि पोरांच्या हातातून तो सुटेना, म्हणून ग्रामपंचायतीनं हे ठरवलं. मला त्या गावाचं फार कौतुक आहे, माहेरी गेले की मी सगळ्यांना सांगते. परीक्षेच्या दिवसांत आमच्याकडंही साडेसात ते नऊ टीव्ही बंदच असतो. पण टीव्ही बंद केला की बोलणं आपोआप सुरू होतं असं मात्र नाही. आण्णांसारख्या माणसाच्या घरात टीव्ही बंद झाला तर ते बंद पडद्यासमोर तसेच बसून राहतात, आणि बाकीचे पटापट बोलतात ते त्यांना कळत नाही. त्यांच्याशी बोलायचं तर समोर बसून, तोंडावर उजेड ठेवून, सावकाश बोलावं लागतं. ते आम्हीच शिकायचं आहे. हेडफोन ते काम करणार नाही.

तसंच, हा हेडफोन म्हणजे कानाचं मशीन नव्हे. आण्णांचं मशीन वेगळं आहे आणि दिवसभर तेच लावायचं असं डॉक्टरांनी बजावलंय. हेडफोन फक्त टीव्हीपुरता. चकती शेवटपर्यंत फिरवायची नाही, उरलेसुरले कानही जातील. आमच्या हेडफोनवर मी चकतीच्या कडेला नेलपॉलिशचा ठिपका दिलाय, त्याच्या पुढे नाही जायचं. आण्णा ते पाळतात.

एक तारा कापला तो गाद्यांसाठी. रेक्झिनच्या गाद्या आहेत, एप्रिल-मे मध्ये कान घामानं भिजतात, चष्म्याच्या काड्या रुततात. दोन महिन्यांत डाव्या गादीची साल निघायला लागली. विक्रेत्याला दुसऱ्या गाद्या मागितल्या तर "पूर्ण संच बदलून घ्या" असं उत्तर आलं. शेवटी मीच जुन्या सुती साडीचे खोळ शिवले, दोन जोड, एक धुवायला एक घालायला. त्यानं घामाचाही प्रश्न सुटला.

स्टँडवर आणखी एक हेडफोन जोडता येतो. मिस्टर म्हणाले, आईंनाही एक घेऊ, म्हणजे स्पीकर बंदच करता येईल, पोरीला खाली बसून अभ्यास करता येईल. मी नको म्हटलं आणि आईंनीही नको म्हटलं. स्पीकर बारावर चालू असतो म्हणूनच मी भाकरी करता करता ऐकते, पोरगी जिन्यात थांबते, शेजारच्या काकू दारातून "आज काय झालं ओ?" म्हणून आत येतात. दोघांच्याही कानांवर गाद्या बसल्या तर सोप्यात कुणी येणार नाही.

घ्यायचा असेल तर दुकानात जाताना टीव्हीच्या मागच्या बाजूचा फोटो काढून न्या. ऑप्टिकल भोक असेल तर काम सोपं आहे. तार वेगळी दोन-अडीचशेला मिळते, तीन मीटरची घ्या, दीडची आमच्या टीव्हीला पुरली नाही. भोक नसेल तर टीव्हीच्या 'एचडीएमआय एआरसी' लिहिलेल्या भोकातून आवाज काढून देणारा वेगळा डबा जोडावा लागतो, त्याची किंमत धरून हिशेब करा. आणि आजोबा-आजींना दुकानात सोबत न्या. चकती त्यांच्याच बोटांनी फिरवून बघा, हेडफोन त्यांच्याच चष्म्यावर बसवून बघा.